काड्यांच्या कुंपणातली खार

नदीच्या वळणाशी एक दाट जंगल होते आणि त्या जंगलात एक खार राहत असे. राहत असे म्हणायचे एवढेच, कारण राहायला तिला स्वतःचे झाड नव्हते. आईच्या घरट्यात धाकट्या भावंडांची ही गर्दी! खारीने एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळायचे म्हटले, की कुणाच्या तरी नाकात तिची शेपटी जाई आणि शिंकांचा एकच गदारोळ उडे. मुलांनो, एका खोलीत चार भावंडांच्या मध्ये बसून ज्यांनी अभ्यास केला आहे, त्यांना हे हाल मी वेगळे सांगायला नकोत.

त्या जंगलाचा कायदा असा होता, की शाळेच्या परीक्षेत जो पास होईल त्याने आपल्या पसंतीचे झाड, बीळ किंवा जाळी निवडावी आणि तिथे सुखाने राहावे. नापास होईल त्याने मुकाट्याने आईपाशी राहावे आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच वर्गात बसावे. आपली खार मागच्या वर्षी नापास झाली होती. यंदा तिला पास व्हायचेच होते. नदीकाठच्या बेहड्याला एक सुरेख ढोली होती. कोरडी, उबदार, सकाळचे ऊन थेट आत येईल अशी. ती ढोली खारीने मनातल्या मनात आपली करून टाकली होती.

शाळा होती साळिंदर गुरुजींची. गुरुजी म्हातारे, पण शिस्तीला कडक. राग आला की त्यांचे काटे आपोआप उभे राहत, त्यामुळे छडी वगैरे बाळगायची त्यांना कधी गरज पडली नाही. त्यांच्या शाळेची एक जुनी रीत होती. वर्ष सुरू झाले की प्रत्येकाने आपल्या जागेसमोर मातीत एक काडी रोवायची आणि यंदा आपण काय शिकणार ते सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचे. परीक्षेत प्रश्न त्या काडीवरच. मत बदलले तर पळस फुलेपर्यंत काडी बदलायची मुभा होती. पळस एकदा फुलला, की काडी पक्की.

"एकापेक्षा जास्त काड्या रोवायला माझी ना नाही," गुरुजी बजावत. "पण जितक्या काड्या तितक्या परीक्षा. एकीत जरी आडवे झालात, तरी नापास. तेव्हा विचार करून रोवा."

पहिल्या दिवशी पहिली काडी रोवली पोपटाने. "मी साद शिकणार," तो मान ताठ करून म्हणाला. "कोणता पक्षी केव्हा आणि का ओरडतो, सगळं तोंडपाठ करणार."

मग उठले रानडुकराचे एक पिल्लू. वर्गात ते सगळ्यांत मागे बसे आणि गुरुजींनी सांगितलेले त्याला सगळ्यांत उशिरा कळे. काडी रोवताना त्याने ती दोनदा मोडली. "मला माग शिकायचाय," ते म्हणाले. "कुणाचं पाऊल कुठलं, ते. मला लांबचं नीट दिसत नाही, गुरुजी. मागे एकदा ओल्या मातीत पावलं दिसली, म्हणून मी खुशाल त्यांच्यामागून चालत गेलो. वारा पाठीमागून होता, त्यामुळे वासही आला नाही. मला वाटलं, पुढे आईच गेलीय."

"मग?" कुणीतरी विचारले.

"आई नव्हती. पाठ दिसली तेव्हा तिच्यावर ठिपके होते."

पिल्लू वाचले होते हे सगळ्यांना दिसतच होते, तरी दोघातिघांनी त्याच्याकडे पुन्हा एकदा निरखून पाहिले.

आता पाळी खारीची. घरून निघताना तिचे पक्के ठरले होते, की वनस्पती शिकायच्या. पण पोपट बोलला आणि तिला वाटले, साद काय छान विषय आहे! पिल्लू बोलले आणि तिला वाटले, मागाशिवाय जगणेच व्यर्थ! काडी हातात धरून ती नुसती उभी राहिली. वनस्पती की साद? साद की माग? शेवटी तिने तिन्ही काड्या रोवल्या. तेवढ्यावर थांबती तरी बरे. पुढे मुंग्यांची लगबग पाहिली, की तिला वाटे, आपण हवामान शिकावे. पाणमांजर सळकन बुडी मारताना दिसले, की वाटे, पोहल्याशिवाय कसले आले शिक्षण? प्रत्येक वेळी एक नवी काडी. एक ना धड, भाराभर चिंध्या! बघता बघता खारीसमोर काड्यांची अशी दाटी झाली, की पलीकडे बसलेली खार गुरुजींना दिसेना.

"खारे," गुरुजी एकदा वाकून म्हणाले, "हे तुझं ध्येय आहे की कुंपण?"

"मलाच कळत नाहीये, गुरुजी," खार आतून म्हणाली.

सगळा वर्ग खो खो हसला. खारही हसली, पण तिला रडू येत होते.

शाळा सुटल्यावर ती पोपटाजवळ गेली. पोपट हुशार म्हणून नावाजलेला. "माझं डोकं चालेनासं झालंय," ती म्हणाली. "काय करू रे?"

पोपटाने इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "तू काय शिकतेस ते तुझं तू बघ. पण एक सांगतो. आपल्याला जे येतं, ते दुसऱ्याला सांगायचं नाही. सांगितलं की तो आपल्या बरोबरीला येऊन बसतो. आणि त्या बेहड्याच्या ढोलीवर माझाही डोळा आहे हं, आधीच सांगून ठेवतो."

ढोलीचे ऐकून खार हिरमुसली. पण लपवून ठेवण्याची गोष्ट मात्र तिला लगेच पटली. का पटणार नाही? चांगले काही मिळाले की मातीत पुरायचे, हे तर खारींच्या रक्तातच असते. गुरुजी प्रत्येक धड्याबरोबर एकेक वानगी देत असत. माग शिकवताना ओल्या मातीवर पुढच्या-मागच्या पावलांचे ठसे घेऊन ती मातीची चकती वाळवून द्यायचे. वनस्पतींच्या धड्याला बिया, सादेच्या धड्याला त्या त्या पक्ष्याचे पीस. बाकीची मुले त्या वानग्या पुढ्यात घेऊन बसत, उलटसुलट करून बघत. आपली खार काय करी? धडा संपायच्या आतच वानगी तोंडात धरून पळे आणि कुठेतरी खोल पुरून येई. माती थापटून झाली की तिच्या जिवाला स्वस्थता वाटे. झाला एक धडा! आता तो कुठे जातोय?

थंडी सरली. पळसाला काळ्या कळ्या धरल्या. परीक्षा जवळ आली तशी खार आपले धडे उकरून काढायला निघाली. आणि मग मात्र तिची पाचावर धारण बसली. कुठे पुरले होते? करवंदीच्या जाळीपाशी की वारुळामागे? तिने जाळीपाशी उकरले. दगड निघाला. वारुळामागे उकरले, तर तिथे कुणा दुसऱ्याच खारीने पुरलेले बोर निघाले. बरे, वस्तू सापडत नाही तर निदान धडा तरी आठवावा! पण डोळे मिटले की आतमध्ये सगळा गोंधळ. तरसाच्या पायाला नखे उमटतात की उमटत नाहीत? भारद्वाज आणि सातभाई, यांतला कोण भांडकुदळ? हिरड्याची बी कशी असते आणि बेहड्याची कशी? एकात एक, एकात एक, सगळे गुंतून बसले होते. वस्तू जमिनीत ठेवली म्हणून डोक्यात ठेवायची राहून गेली होती, आणि जमीन तर काही बोलत नव्हती. खार एका मुळावर मटकन बसली. आता पुन्हा तेच घरटे आणि पुन्हा त्याच शिंका.

तेवढ्यात झुडपातून फुरफुर ऐकू आली आणि रानडुकराचे पिल्लू बाहेर आले. त्याचे नाक मातीने माखले होते. त्याने खारीसमोर तोंडातले काहीतरी ठेवले. मातीची एक चकती होती. कोपरा तुटला होता, पण दोन्ही ठसे शाबूत होते.

"खारूताई, हे तुझं का गं? तिकडे अशा पुष्कळ आहेत. काहींना ओल लागून त्यांचा नुसता चिखल झालाय."

"माझ्या वस्तू चोरल्यास तू!" खार ताडकन उठली.

"चोरीन कशाला? मी कंद शोधत होतो. जमीन उकरल्याशिवाय आम्हाला खायला मिळतं का काही?" पिल्लू जरा घुटमळले. "बियासुद्धा होत्या."

"होत्या म्हणजे?"

"त्या तुझ्या अभ्यासाच्या होत्या, हे मला खाल्ल्यावर लक्षात आलं."

पिल्लाने चकती नाकाने तिच्याकडे सरकवली. "पण हे काय आहे ते सांग ना. माझ्या डोक्यात काही केल्या शिरत नाही."

पोपटाचा सल्ला खारीला आठवला. पण चकतीकडे पाहता पाहता तिच्या तोंडून निघून गेले, "हा तरसाचा."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? गुरुजी म्हणाले म्हणून."

"ते मीही ऐकलं. पण कशावरून?"

खार चकतीवर वाकली. कशावरून बरे? तिने चकती पहिल्यांदाच नीट पाहिली. तुम्हाला खोटे वाटेल, पण इतक्या महिन्यांत खरोखरच पहिल्यांदा. "ही बघ नखं उमटलीत," ती हळूहळू म्हणाली. "कुत्रा, कोल्हा, तरस, यांना नखं आत ओढून घेता येत नाहीत. मांजराच्या जातीला येतात. म्हणून मांजराच्या मागाला नखं दिसत नाहीत. आणि हा पुढचा पाय मोठा, मागचा लहान. म्हणून तरस." बोलता बोलता ती स्वतःच चकित झाली. एवढे सगळे आपल्याला येत होते? मग मघाशी कुठे गेले होते?

त्या दिवसापासून दोघे रोज नदीकाठच्या वाळूत बसू लागले. पिल्लाचे नाक तिखट. ते हुंगत हुंगत ताजा माग शोधून काढी. खारीची नजर तीक्ष्ण. ती त्याला ठशाची कड, बोटे, टाच दाखवी. पिल्लाचा प्रश्न ठरलेला, "कशावरून?" हा प्रश्न ऐकून ऐकून खारीचा जीव मेटाकुटीला येई. कधी उत्तर सापडत नसे, मग दोघे मिळून शोधत. माग ताजा असेल तर कड धारदार असते आणि ओल्या वाळूत आत पाणी झिरपत असते. जुना झाला की कड ढासळते आणि वरून मुंग्या जाऊन येतात. हे त्यांनी वाळूत पोटावर पडून पाहिले. मध्येच खारीचे मन भरकटे. "ए, तो बघ खंड्या! आपण मासेमारी शिकूया?" पिल्लू ढिम्म हलत नसे. "आज माग," ते म्हणे. "उद्या?" "उद्यापण माग."

एका सकाळी पळसाची पहिली कळी तांबडी झालेली दिसली, तशी खार धावत शाळेत गेली. आजचा शेवटचा दिवस. तिने एकेक काडी उपटायला सुरुवात केली. हवामान गेले. पोहणे गेले. वनस्पतींची काडी तिने उपटली, पुन्हा रोवली, आणि पुन्हा उपटली. प्रत्येक काडीबरोबर काहीतरी कायमचे हातातून निसटते आहे, असे तिला वाटत होते. आपण चुकतोय की काय, हा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही. पण एक गोष्ट खरी होती. माग सांगताना तिची जीभ अडखळत नव्हती. तेवढी एक काडी तिने राहू दिली.

परीक्षा नदीकाठी भरली. पहिले नाव खारीचे निघाले. गुरुजींनी एकामागून एक माग दाखवले आणि प्रत्येक वेळी विचारले, "कशावरून?" खार धडाधड सांगत गेली. आपण हे पाठ कधी केले, हेच तिला कळेना.

"पास!" गुरुजी म्हणाले. "जा, झाड निवड."

दुसरे नाव पोपटाचे होते. म्हणजे त्याची परीक्षा संपेपर्यंत ढोली मोकळी. खारीने बेहड्याकडे धूम ठोकली आणि चार उड्यांत थांबली, कारण मागून हाक आली होती.

"खारूताई, थांब ना गं." पिल्लू तिच्यामागून धावत आले होते. त्याचा नंबर पोपटानंतर होता. "तू बोलू नकोस. नुसती समोर बस. तू दिसलीस की मला सगळं आठवतं."

खारीने बेहड्याकडे पाहिले. पिल्लाकडे पाहिले. पुन्हा बेहड्याकडे. दोन उड्या तिकडे गेली, एक उडी इकडे आली. वर्षभरात इतका गोंधळ तिच्या मनात कधी झाला नव्हता. ढोली आत्ता नाही मिळाली तर पुन्हा मिळणार नव्हती. आणि पिल्लू आत्ता गडबडले तर पुन्हा वर्षभर ठिपके आणि आई यांतला फरक त्याला कळणार नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी आले. ती परत येऊन पिल्लासमोर बसली, आणि आपण शहाणपणा केला की मूर्खपणा, हे तिला मुळीच ठाऊक नव्हते.

पोपट नापास झाला, असे सांगायला मला आवडले असते. पण खोटे कशाला बोलू? त्याने एकूणएक साद बिनचूक म्हणून दाखवली, पास झाला आणि तडक बेहड्याच्या ढोलीत जाऊन बसला.

मग गुरुजींनी पिल्लाला पाण्याजवळ नेले आणि वाळूतला एक माग दाखवला. "हा कुणाचा?"

पिल्लू सगळेच विसरले. त्याने खारीकडे पाहिले. खार एक शब्द बोलली नाही, फक्त तिथे बसून राहिली. पिल्लाने वाकून नाक वाळूला टेकवले.

"मांजराच्या जातीचा," ते पुटपुटले. "बिबट्याचा."

"कशावरून?"

हा प्रश्न ऐकताच पिल्लाचा आवाज मोकळा झाला. "नखं नाहीत, गुरुजी. ठसा गोल आहे. रानमांजराचा म्हणावा तर फार मोठा. आणि हा पहाटेचा आहे. कड ढासळलीय, वरून मुंग्या गेल्यात."

"शाबास!" गुरुजी म्हणाले. "पा..."

"पण गुरुजी, त्याच्या पलीकडचा माग पहाटेचा नाही."

"पलीकडचा कुठला?" गुरुजींनी डोळे बारीक केले. म्हातारपणामुळे त्यांना तो दिसलाच नव्हता.

"हा. याची कड धारदार आहे. आत अजून पाणी झिरपतंय." पिल्लाने मान वर करून हवा हुंगली. आज वारा समोरून होता. "गुरुजी, तो लव्हाळ्यात आहे. आपण इथून निघूया. आत्ताच्या आत्ता!"

गुरुजींचे सगळे काटे एकदम उभे राहिले, आणि या वेळी ते रागाने नव्हते. "वर चढा! सगळे! पळा!"

एकच पळापळ झाली. धडपडत, एकमेकांना ढकलत, ओढत सगळा वर्ग उंच दरडीवर पोहोचतो न पोहोचतो, तोच खाली लव्हाळे हलले आणि बिबट्या बाहेर आला. जिथे वर्ग बसला होता तिथे तो उभा राहिला. त्याने वाळू हुंगली, मान वर करून दरडीकडे एकदा पाहिले आणि तो पाण्याच्या कडेकडेने निघून गेला.

मग गुरुजींनी पिल्लाकडे वळून विचारले, "हे तुला कोणी शिकवलं, बाळ?"

"तुम्हीच शिकवलंत, गुरुजी. पण तेव्हा मला कळलं नव्हतं. मग मी खारूताईचं डोकं खाल्लं, तेव्हा कळलं."

"मला तरी कुठे येत होतं, गुरुजी?" खार म्हणाली. "हा सारखं 'कशावरून' विचारायचा, म्हणून मला शोधावं लागलं."

गुरुजींनी दोघांच्या पाठीवर हात ठेवला, काटे नीट मिटवून. "पास," ते एवढेच म्हणाले. थोड्या वेळाने त्यांना आठवले. "खारे, तुझं झाड कोणतं? बेहडा तर गेला."

खारीने बेहड्याकडे पाहिले. ढोलीतून पोपटाचे डोके बाहेर आले होते. तिला वाईट वाटले, चांगलेच वाईट वाटले. मग तिने दरडीवर दाटीवाटीने बसलेल्या वर्गाकडे पाहिले आणि नकळत एकेकाला मोजायला लागली. ससा होता. मुंगूस होते. हरिणीचे पाडस थरथरत होते, पण होते. सगळ्यांच्या शेवटी, गलका ऐकून धावत आलेल्या आईला बिलगून, रानडुकराचे पिल्लू होते.

"कोणतंही द्या, गुरुजी," ती म्हणाली. "यांना 'कशावरून' विचारायला येता येईल असं, जवळचं."

तात्पर्य : सतरा ध्येयांमागे धावण्यापेक्षा एकच मनाशी धरावे आणि त्या वाटेवर सोबत्यालाही बरोबर घ्यावे. पुरून ठेवलेली विद्या मातीत जाते, दुसऱ्याला समजावलेली विद्या दोघांनाही तारते.